टिंबूला बाबाची हाक येईना

एक होती खाडी. खाडीचं पाणी कसं? दुधाच्या चहासारखं. गढूळ गढूळ. बोट बुडवलं, तर बोट दिसत नाही. नाक बुडवलं, तर नाक दिसत नाही. तुम्ही मात्र नाक बुडवून बघू नका.

त्या खाडीत राहायचा एक ढोमा मासा. त्याचं एक पिल्लू होतं. केवढं? एवढंसं. भाताच्या शितापेक्षा जरासं मोठं. त्याचं नाव टिंबू.

गढूळ पाण्यात टिंबूला काही दिसायचं नाही. मग तो बाबाला शोधायचा कसा? कानाने.

माशाला कुठे असतात कान, असं कोण म्हणालं? असतात बरं. बाहेर नसतात, आत असतात. म्हणून तर माशांच्या पिल्लांचे कान कुणाला पिळता येत नाहीत. मजा आहे त्यांची. त्या आतल्या कानात एकेक पांढरा खडा असतो. आवाज आला की पाणी थरथरतं. पाणी थरथरलं की मासा थरथरतो. खडा असतो जड. तो राहतो मागे. मग माशाला कळतं, आवाज आला.

आणि बाबा हाक कशी मारायचा? तोंडाने नाही. पोटाने. ढोम्याच्या पोटात हवेचा फुगा असतो. बाबा पोट आवळायचा, सोडायचा. आवळायचा, सोडायचा. फुगा वाजायचा. डुम डुम डुम.

ओहोटी लागली की खाडीचं पाणी निघायचं समुद्राकडे. पाण्याबरोबर सगळे ढोमेही निघायचे. निघताना बाबा हाक मारायचा. डुम डुम डुम. टिंबू यायचा सुळुक सुळुक. मग दोघं मिळून जायचे खोल पाण्यात.

एक दिवस काय झालं? ओहोटीची वेळ झाली. टिंबू हाकेची वाट बघत बसला. डुम नाही. डुम डुम नाही. नुसतं आपलं धड धड धड धड. खालून धड धड, वरून धड धड. टिंबूच्या कानातले खडे नुसते नाचायला लागले.

"बाबाची हाक हरवली," टिंबू म्हणाला.

बाबा गेला तर? सगळे ढोमे गेले तर? एवढ्या मोठ्या खाडीत मी एकटा? टिंबूला रडू आलं. पाण्यात रडलं तर कुणाला कळत नाही. पण रडू आलं.

मग तो म्हणाला, "हे धड धड आहे तरी कोण? बघतोच."

टिंबू निघाला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आला धक्क्यापाशी. धक्क्याला लागली होती एक होडी. माणसांना अल्याडून पल्याड नेणारी. होडीत होतं एक मशीन. काळं काळं, तेलकट तेलकट. धड धड धड धड.

टिंबूने पाण्यातून तोंड वर काढलं. टपक्.

"मशीन मशीन, गप्प बस.
बाबाची हाक येईना."

मशीन म्हणालं, "हाक? धड धड. तुला तर कानच नाहीत. धड धड."

टिंबू म्हणाला,
"कान माझे आत आत,
पांढरा खडा कानात."

मशीन म्हणालं, "असेल बाबा, असेल. पण मी गप्प कसं बसू? तांडेल थांबवेल, तर गप्प बसेन. नाही तर नाही बसणार. धड धड धड धड."

होडी चालवतो तो तांडेल. या होडीच्या तांडेलाचं नाव चांगो. तो बसला होता मागे, सुकाणूवर हात ठेवून. तोंडात बडीशेप. टिंबू त्याच्याकडे गेला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. तोंड वर काढलं. टपक्.

"तांडेलकाका तांडेलकाका, मशीन थांबव.
मशीन गप्प बसेना,
बाबाची हाक येईना."

तांडेल म्हणाला, "हाक? अरे पोरा, तुला तर कानच नाहीत."

टिंबू म्हणाला,
"कान माझे आत आत,
पांढरा खडा कानात."

तांडेल म्हणाला, "बरं बाबा, आत तर आत. पण मशीन कसं थांबवू? हा आत्ता निघतोच हाय मी. हे मशीन एकदा थांबलं, की परत चालू होताना माझा जीव काढतं. काकी होडीत बसेल, तर मी पल्याड जाईन आणि तिथे थांबवेन. नाही तर नाही थांबवणार."

चांगो तांडेल केव्हापासून आत्ता निघत होता? दुपारच्या जेवणापासून. तेव्हापासून मशीन चालूच होतं.

आता काकीकडे जायला हवं. मंजुळाकाकी धक्क्याच्या पायरीवर उभी होती. तिला जायचं होतं पल्याड, लेकीच्या घरी. एका हातात पिशवी. एका हातात शेळीचा दोर. टिंबू पायरीपाशी गेला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. तोंड वर काढलं. टपक्.

"काकी काकी, होडीत बस.
तांडेल मशीन थांबवेना,
मशीन गप्प बसेना,
बाबाची हाक येईना."

काकी म्हणाली, "अगो बाय, एवढुसं पिल्लू. हाक ऐकायला तुला कान कुठे रे?"

टिंबू म्हणाला,
"कान माझे आत आत,
पांढरा खडा कानात."

काकी म्हणाली, "गुणाचं ते. पण मी कशी बसू बाला? माझी शेळी चढत नाय. नातवाला शेळीचं दूध हवं. शेळीला सोडून कशी जाऊ? शेळी फळीवर चढेल, तर मी बसेन. नाही तर नाही बसणार."

आणि तिकडे ओहोटी लागली. पाणी हळूच खाली गेलं. धक्क्याची एक पायरी उघडी पडली. टिंबू घाईघाईने वळला.

तो शेळीकडे गेला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. शेळीचं नाव चंद्री. चारही पाय रोवून ती फळीच्या तोंडाशी उभी होती. काकी दोर ओढत होती पुढे, चंद्री अंग ओढत होती मागे. टिंबूने तोंड वर काढलं. टपक्.

"चंद्रीताई चंद्रीताई, फळीवर चढ.
काकी होडीत बसेना,
तांडेल मशीन थांबवेना,
मशीन गप्प बसेना,
बाबाची हाक येईना."

चंद्रीने आपले लांब कान हलवले. फट् फट्. "बेंऽऽ. ऐकायला कान असे असावे लागतात. बघ माझे. तुझे कुठे आहेत?"

टिंबू म्हणाला,
"कान माझे आत आत,
पांढरा खडा कानात."

चंद्री म्हणाली, "बेंऽऽ. असतील. पण मी कशी चढू? फळी हलते ना. डुगडुग डुगडुग. पडले म्हणजे? फळी डुगडुग सोडेल, तर चढेन. नाही तर नाही चढणार."

फळी होती पायरीपासून होडीपर्यंत. लांबच लांब. टिंबू तिच्याखाली गेला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. तोंड वर काढलं. टपक्.

"फळीबाई फळीबाई, डुगडुग सोड.
शेळी फळीवर चढेना,
काकी होडीत बसेना,
तांडेल मशीन थांबवेना,
मशीन गप्प बसेना,
बाबाची हाक येईना."

फळी म्हणाली, "कर्र कर्र. मला नाहीत कान. तुलाही नाहीत. मग हाक कसली?"

टिंबू म्हणाला,
"कान माझे आत आत,
पांढरा खडा कानात."

फळी म्हणाली, "कर्र कर्र. नशीबवान आहेस. पण मी डुगडुग कशी सोडू? माझं एक टोक होडीवर. होडी उगी राहील, तर सोडेन. नाही तर नाही सोडणार."

आणखी एक पायरी उघडी पडली. पायरीवरचा खेकडा तुरुतुरु पळाला.

टिंबू होडीकडे गेला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. होडी होती लाकडाची. निळी निळी. टिंबूने तोंड वर काढलं. टपक्.

"होडीमावशी होडीमावशी, उगी राहा.
फळी डुगडुग सोडीना,
शेळी फळीवर चढेना,
काकी होडीत बसेना,
तांडेल मशीन थांबवेना,
मशीन गप्प बसेना,
बाबाची हाक येईना."

होडी म्हणाली, "डुलुक डुलुक. कान नाहीत आणि हाक हवी?"

टिंबू म्हणाला,
"कान माझे आत आत,
पांढरा खडा कानात."

होडी म्हणाली, "डुलुक डुलुक. माझ्या पोटात मशीन, तुझ्या कानात खडा. ज्याचं त्याला. पण मी उगी कशी राहू? माझ्या खाली पाणी हलतं. पाणी शांत होईल, तर उगी राहीन. नाही तर नाही राहणार."

आता पाणी कुठे शोधायचं? पुढे पाणी, मागे पाणी, वर पाणी, खाली पाणी. टिंबू कुठेच गेला नाही. होता तिथेच थांबला आणि म्हणाला,

"पाणी पाणी, शांत हो.
होडी उगी राहीना,
फळी डुगडुग सोडीना,
शेळी फळीवर चढेना,
काकी होडीत बसेना,
तांडेल मशीन थांबवेना,
मशीन गप्प बसेना,
बाबाची हाक येईना."

पाण्याने कान विचारले नाहीत. पाणी म्हणालं, "तुझे कान मला ठाऊक आहेत, टिंबू. तुझ्या बाबाची हाक तुझ्यापर्यंत आणायची, हे काम माझंच. पण मी शांत कसं होऊ? माझ्या अंगभर मशीन थरथरतं. मशीन गप्प बसेल, तर शांत होईन."

"मशीन?" टिंबू म्हणाला.

"मशीन," पाणी म्हणालं.

झाली का पंचाईत? टिंबू सुळुक सुळुक परत मशीनकडे गेला. तोंड वर काढलं. टपक्.

"मशीन मशीन, गप्प बस.
पाणी शांत होईना,
होडी उगी राहीना,
फळी डुगडुग सोडीना,
शेळी फळीवर चढेना,
काकी होडीत बसेना,
तांडेल मशीन थांबवेना,
मशीन गप्प बसेना,
बाबाची हाक येईना."

मशीन म्हणालं, "शेवटी माझंच नाव. धड धड. मी सांगितलं ना? तांडेल थांबवेल, तर गप्प बसेन."

आता काय? परत तांडेल? परत काकी? परत शेळी, परत फळी, परत होडी, परत पाणी, परत मशीन? असं तर रात्र होईल. वाचणाऱ्याचा घसा बसेल. टिंबूचेही कल्ले दुखायला लागले.

पायऱ्यांमागून पायऱ्या उघड्या पडल्या. खाडीतले ढोमे निघाले असतील. बाबाही निघाला असेल.

टिंबू होडीच्या खाली गेला. लाकडाला चिकटून बसला. खूप खूप दमला होता. बाबाची आठवण आली. त्याचं पोट आवळलं गेलं. आवळलं आणि सुटलं. तेवढ्यात आवाज आला.

टुम.

टिंबू दचकला. "कोण आहे?"

कुणी नव्हतं. होडी होती, पाणी होतं, आणि टिंबू होता. त्याने परत पोट आवळलं, परत सोडलं.

टुम.

टिंबूच्या पोटातून आला होता आवाज. एवढंसं पोट, त्यात एवढासा फुगा. इतके दिवस तो गप्प होता. आज वाजला. टिंबूला आवडला. त्याने परत परत वाजवला. टुम टुम. टुम टुम.

टुम गेलं लाकडात. लाकडातून गेलं सुकाणूत. सुकाणूतून गेलं चांगो तांडेलाच्या हातात.

धड धड टुम. धड धड टुम.

तांडेलाने बडीशेप चावायची थांबवली. हाताला काहीतरी वेगळं लागत होतं. धड धड तर रोजचं. हे मधलं टुम कुठलं? त्याने मशीनवर हात ठेवला. सुकाणूवर हात ठेवला.

धड धड टुम.

"काकी, मशीन बिघडलं वाटतं," तांडेल म्हणाला. "कायतरी ढिलं झालंय. बघायला पाहिजे."

आणि त्याने मशीन थांबवलं. खट्.

धड धड धड.
धड धड.
धड.

मशीन गप्प बसलं.
मशीन गप्प बसलं, तर पाणी शांत झालं.
पाणी शांत झालं, तर होडी उगी राहिली.
होडी उगी राहिली, तर फळीने डुगडुग सोडली.
फळीने डुगडुग सोडली, तर शेळी फळीवर चढली. टप टप टप टप.
शेळी फळीवर चढली, तर काकी होडीत बसली. "बसले गो बाय एकदाची," म्हणाली.

आता बाबाची हाक आली?

नाही आली. टिंबूच्या कानात अजून गुंऽऽ होत होतं. फार मोठा आवाज फार वेळ ऐकला ना, की कानात गुंऽऽ राहतं. तुमच्याही राहतं, माशाच्याही राहतं.

तांडेलाने मशीन वरून बघितलं. खालून बघितलं. फडक्याने पुसलं. काहीच बिघडलं नव्हतं. "ठीक तर हाय," तो म्हणाला. "काकी बसली, शेळी चढली. चला, निघूया." त्याने मशीनचं हँडल धरलं. आता फिरवणार, आणि परत धड धड सुरू होणार.

टिंबूने सगळं पोट आवळलं. शेपटीपासून डोक्यापर्यंत आवळलं. आणि सोडलं.

टुम. टुम. टुम.

तांडेलाचा हात थांबला. "मशीन बंद. मग टुम कुठून?"

"गप बस जरा, चांगो," काकी म्हणाली. "वल्हं घाल पाण्यात. कान लाव."

तांडेलाने वल्हं उचललं. एक टोक पाण्यात घातलं. दुसऱ्या टोकाला कान लावला. जुनी कोळी माणसं असंच ऐकायची. चांगोच्या आजोबांनी त्याला शिकवलं होतं. मशीन आल्यापासून तो विसरूनच गेला होता.

वल्ह्यातून आलं, टुम टुम.

"ढोमा हाय," तांडेल म्हणाला. "बारका ढोमा. अगदी खाली बसलाय आपल्या."

"मघाचं पिल्लू ते," काकी म्हणाली. "बापाची हाक येईना म्हणत होतं. आणि तू आपला आत्ता निघतो, आत्ता निघतो."

 तांडेलाने हँडल सोडलं. काकी गप्प बसली. चंद्री रवंथ करत होती, तीही थांबली. सगळी होडी कान देऊन बसली.

टिंबूच्या कानातलं गुंऽऽ कमी झालं. आणखी कमी झालं. गेलं.

मग त्याला ऐकू आलं. आधी कोळंबी ऐकू आली, टिक टिक टिक. मग चिखलातला बुडबुडा ऐकू आला, बुळुक. आणि मग लांबून, खूप लांबून, खाडीच्या तोंडाकडून आलं,

डुम.
डुम डुम.
डुम डुम डुम.

टिंबूच्या कानातले खडे थरथरले. बाबा. बाबाचीच हाक.

टुम टुम, टिंबू म्हणाला.

डुम डुम डुम, बाबा म्हणाला.

वल्ह्याला कान लावून तांडेलानेही ऐकलं. "काकी, आला गो त्याचा बाप," तो म्हणाला आणि हसायला लागला. "मोठा ढोमा हाय. चांगला दणदणीत वाजतोय."

"मग आता ते मशीन नको लावूस," काकी म्हणाली. "वल्हव."

"हात दुखतील माझे."

"दुखूदे. पल्याड पोचलो की चहा पाजते. चंद्रीच्या दुधाचा."

चंद्री म्हणाली, "बेंऽऽ."

तांडेलाने दोन्ही वल्ही घेतली. होडी निघाली. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. धड धड नाही, डुगडुग नाही. पाणी खूश झालं. आता त्याला आपलं काम नीट करता येत होतं. ते बाबाची हाक टिंबूकडे नेत होतं, टिंबूची हाक बाबाकडे नेत होतं.

टिंबू निघाला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. डावीकडे गेला, डुम बारीक झालं. उजवीकडे वळला, डुम मोठं झालं. उजवीकडेच जायचं तर. डुम मोठं मोठं होत गेलं.

मग आवाज थांबला. बाबा दिसेना. गढूळ पाणी, दिसणार कसं?

पण टिंबूच्या अंगावर होती एक रेघ. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत. सगळ्या ढोम्यांना असते. जवळ कुणी हललं, की पाणी ढकललं जातं. पाणी ढकललं, की रेघेला कळतं. टिंबूच्या रेघेला गुदगुल्या झाल्या. कुणीतरी मोठं, अगदी शेजारी, हळूहळू शेपटी हलवत होतं.

टिंबू तिकडे वळला आणि धप्पकन बाबाच्या पोटावर आपटला.

"आलास?" बाबा म्हणाला.

"आलो," टिंबू म्हणाला. "बाबा, तू हाक का नाही मारलीस?"

"मारली रे. मारून मारून पोट दुखलं माझं. तुझा पत्ता नाही. वाटलं, बाकीच्या ढोम्यांबरोबर पुढे गेलास. सगळे ढोमे गेले. मीपण निघालो होतो."

"मग थांबलास कसा?"

"एक आवाज आला," बाबा म्हणाला. "लांबून आला. इतकं बारीक डुम मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, हे माझ्या टिंबूचं असणार. म्हणून थांबलो."

 मी बाबाची हाक शोधत होतो, आणि बाबाने माझी हाक ऐकली, हे टिंबूच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं.

"बाबा, ती हाक होती?"

"हाकच होती. तुझी पहिली हाक. परत मार बघू."

टिंबूने पोट आवळलं. पोट सोडलं.

टुम.

 बाबा त्याला घासून गेला, इकडून आणि तिकडून. बाबाला फार आनंद झाला होता.

मग दोघं निघाले. ओहोटीचं पाणी निघालं समुद्राकडे, पाण्याबरोबर बाबा निघाला, बाबाबरोबर टिंबू निघाला. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं.

डुम डुम टुम.
डुम डुम टुम.

होडी लागली काठाला,
चला, आपण बसू ताटाला.